आगबोटींचा कप्तान, शिडांचा राखणदार : ॲडमिरल पारी यांची गोष्ट

शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात अवघड काय? सांगाडा उभा करणं, त्यावर फळ्या चढवणं हे काम वेळखाऊ असलं तरी जमतं. डोलकाठ्या उभ्या राहिल्या आणि दोर ओवायची वेळ आली की खरी परीक्षा सुरू होते. मोठ्या युद्धनौकेवर शेकडो दोर असतात. कुठला कुठून निघतो, कुठल्या कप्पीतून जातो आणि डेकवर नेमका कुठे बांधला जातो, हे ठाऊक नसेल तर मॉडेल दिसायला देखणं होतं, पण ते जहाज नसतं. ते खऱ्या पाण्यावर उतरवलं असतं तर शीडच वर गेलं नसतं.

इंग्लंड-फ्रान्सच्या युद्धनौकांचं मॉडेल करणाऱ्याला निदान आधार आहे. तिथल्या गोद्यांमध्ये नकाशे काढले जात, दोरांची जाडी आणि लांबी यांचे तक्ते छापले जात. पण कोकणातली फत्तेमारी, मस्कतचं गलबत, मद्रासची शिवलेली नाव, तोंगा बेटावरची जोड-होडी यांचं काय? ती बांधणाऱ्यांनी कागदावर एक रेघही ओढली नव्हती. माप डोळ्यांत, प्रमाण हातात, आणि विद्या बापाकडून मुलाकडे. अशी नाव कुजली की तिच्याबरोबर सगळंच जायचं.

यातलं बरंच काही आज आपल्याला माहीत आहे त्याला एक फ्रेंच दर्यावर्दी कारणीभूत आहेत. त्यांचं नाव फ्रान्स्वा-एदमाँ पारी. आडनावाचं स्पेलिंग पॅरिस शहरासारखंच, जन्मही त्याच शहरातला; गोंधळ नको म्हणून माणसाला ‘पारी’ म्हणणं सोयीचं. गंमत अशी की नौदलात त्यांची ओळख शिडांचा माणूस अशी नव्हतीच. ते वाफेच्या इंजिनाचे जाणकार होते, म्हणजे ज्या यंत्रामुळे शिडं संपली त्याचेच पुरस्कर्ते.

समुद्र नसलेल्या गावात नौदलाचं शिक्षण

पारी यांचा जन्म २ मार्च १८०६ चा. फ्रान्समध्ये तेव्हा नेपोलियनची सत्ता होती. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच ट्राफल्गारच्या लढाईत फ्रेंच आरमाराचं कंबरडं मोडलं होतं. नेपोलियन गेल्यावर परत आलेल्या राजवटीने नौदलाची शाळा काढली ती आंगुलेम या गावी. हे गाव समुद्रापासून चांगलं लांब, नदीकाठच्या टेकडीवर. दर्यावर्दी घडवायला दर्या नसलेली जागा निवडायची, या निर्णयाची तेव्हाही बरीच चेष्टा झाली. चौदा वर्षांचे पारी १८२० साली याच शाळेत दाखल झाले.

खरं शिक्षण पुढे झालं, ‘ॲस्ट्रोलेब’ जहाजावर. १८२६ साली द्युमाँ द्युर्विल या कप्तानाच्या हाताखाली हे जहाज पॅसिफिककडे निघालं. नकाशे बनवणं आणि चाळीस वर्षांपूर्वी गायब झालेल्या ला पेरूझच्या दोन जहाजांचा माग काढणं, ही त्याची कामं. तोंगाजवळ जहाज प्रवाळाच्या खडकांत अडकलं आणि बुडता बुडता वाचलं. १८२८ मध्ये व्हानिकोरो बेटावर ला पेरूझच्या जहाजांचे अवशेष मिळाले. नांगर, तोफा असं बरंच सामान फ्रान्सला आणलं गेलं आणि पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात नव्यानेच काढलेल्या नौदल संग्रहालयात ठेवलं गेलं. या संग्रहालयाकडे गोष्ट पुढे येणारच आहे.

ज्या द्युर्विलने प्रवाळाचे खडक, वादळं आणि पुढे दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ पचवला, तो १८४२ साली मेला कशात, तर व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या अपघातात. वाफेने त्या पिढीला बरंच दिलं आणि बरंच घेतलंही. पारींच्या बाबतीतही तेच होणार होतं.

किनाऱ्यावर कुणी न मागितलेलं काम

‘ॲस्ट्रोलेब’ परतल्यावर काही काळातच पारी ‘ला फाव्होरित’ जहाजावर चढले. लाप्लास या कप्तानाबरोबर १८३२ पर्यंत त्यांनी पृथ्वीला दुसरी फेरी मारली. या सफरीत पाँडिचेरी, मद्रास, मलाक्का, मनिला, चीन, जावा असे थांबे होते. १८३७ ते १८४० या काळात ‘आर्तेमीज’ जहाजावर लाप्लास यांच्याबरोबरच तिसरी फेरी झाली. वयाच्या पस्तिशीच्या आत पृथ्वीभोवती तीन फेऱ्या.

अशा सफरींवर प्रत्येक अधिकाऱ्याला कामं वाटून दिलेली असत. कुणी खोली मोजायचा, कुणी झाडंझुडपं गोळा करायचा, कुणी डोंगर आणि माणसं रंगवायचा. स्थानिक होड्यांची चित्रंही काढली जायची, पण ती देखाव्याचा भाग म्हणून. मागे नारळाची झाडं, पुढे होडी. चित्रकाराला दोर कुठे बांधला आहे याच्याशी देणंघेणं नसायचं.

पारींनी होडीकडे पाहिलं ते गोदीतला माणूस पाहतो तसं. लांबी किती, रुंदी किती, पोटाचा आकार कसा, फळ्या एकमेकींना कशाने जोडल्यात, डोलकाठी कुठे आणि किती कललेली, शिडाचा वासा केवढा, तो वर चढवायचा दोर कुठून जातो. मग त्याच होडीचं बाजूने, वरून आणि मधोमध कापल्यासारखं असं रेखाटन, प्रमाणात. युरोपातल्या एखाद्या युद्धनौकेला जो मान मिळायचा तोच त्यांनी मद्रासच्या कोळ्याच्या तीन-चार ओंडक्यांच्या तराफ्याला दिला. त्या काळात युरोपी अधिकारी या नावांना ‘गावठी’ म्हणून हसून पुढे जात. त्याच काळात हे काम झालं, हे लक्षात घ्यायला हवं.

मद्रासच्या किनाऱ्यावरचीच आणखी एक नाव त्यांच्या संग्रहात आहे, मसुला. तेव्हा मद्रासला बंदर असं नव्हतंच. मोठी जहाजं लांब उभी राहायची आणि माणसं-माल फुटत्या लाटांतून किनाऱ्यावर आणायचं काम या नावा करायच्या. त्यांच्यात खिळा नसायचा. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असायच्या. लाट आपटली की नाव थोडी लवायची, दबायची, पण फुटायची नाही. खिळ्यांची ताठ नाव त्या जागी मोडली असती. अशा नावेच्या मॉडेलमध्ये फळ्या डिंकाने चिकटवल्या, तर त्या नावेचं मर्मच हरवलं. तिथे दोर हा सजावटीचा भाग नाही, तो सांगाडाच आहे.

फत्तेमारीचा ताण

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फत्तेमारीचंही रेखाटन पारींनी केलं. मुंबईपासून खाली मलबार आणि सिलोनपर्यंत मालवाहतूक करणारं हे गलबत. पुढची नाळ पाण्यावर लांब झेपावलेली, दोन डोलकाठ्या पुढच्या बाजूला कललेल्या, आणि त्यांवर तिरक्या लांबलचक वाशांना (म्हणजे परबाणांना) बांधलेली शिडं.

दोरकामात नेमकं काय पणाला लागतं हे याच गलबतावरून चांगलं समजतं. युरोपी जहाजाची डोलकाठी दोन्ही बाजूंनी जाड दोरांनी ताणलेली असते, आपण मंडपाच्या खांबाला ताण देतो तशी. हे ताण कायमचे असतात. तीन भोकांच्या गोल ठोकळ्यांतून बारीक दोर ओवून ते आवळलेले असतात आणि त्यांच्यावर आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना चढायला शिडी केलेली असते. मॉडेल करणाऱ्यांचे आठवडेच्या आठवडे या शिड्यांवर जातात.

आता हेच फत्तेमारीवर करून पाहा. तिचा वासा डोलकाठीच्या एका बाजूला, तिरका असतो. गलबताची दिशा बदलून वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा, तर हा अवजड वासा उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावा लागतो. डोलकाठी पुढे कललेली असते म्हणूनच तिच्यासमोर हा वासा फिरवायला जागा मिळते. दोन्ही बाजूंना कायमचे ताण ठोकून ठेवले, तर वासा आणि शीड त्यातच अडकेल. म्हणून अशा गलबताचे ताण कप्प्यांवर असतात. वारा ज्या बाजूने येतो तिकडचे आवळायचे, दुसरीकडचे सैल सोडायचे, आणि दिशा बदलली की उलट.

युरोपी पुस्तक समोर ठेवून कुणी फत्तेमारीला पक्के ताण आणि दोरीच्या शिड्या लावल्या, तर काचेच्या पेटीत ती फारच रुबाबदार दिसेल. पण शिडाची बाजू एकदाही बदलता येणार नाही. वेंगुर्ल्याचा किंवा मालवणचा जुना तांडेल ते मॉडेल पाहून हसेल. आणि तांडेल राहिला नाही की हसायलाही कुणी उरणार नाही. चुकीचं मॉडेलच खरं मानलं जाईल. पारींच्या रेखाटनांची किंमत इथे कळते.

पाँडिचेरीतला अपघात

तिसऱ्या सफरीत पारींवर एक खास जबाबदारी होती. वाफेच्या यंत्रांचा अभ्यास. वाटेत जिथे जिथे यंत्रं असतील तिथे ती पाहायची. पाँडिचेरीला असाच एक कारखाना पाहत असताना यंत्राच्या दातेरी चाकांत त्यांचा डावा हात सापडला. तो कापावा लागला. वय तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेलं.

जहाजावर एक म्हण खलाशांच्या प्रत्येक भाषेत कुठल्या ना कुठल्या रूपात असते, की एक हात जहाजासाठी आणि एक स्वतःसाठी. उरलेला एकच हात घेऊन नौदलात राहायचं आणि वर चित्रंही काढायची, हे साधं नव्हतं. पण पारींनी नोकरी सोडली नाही, आणि यंत्रावर रागही धरला नाही. उलट पुढची वीस-पंचवीस वर्षं ते वाफेच्याच मागे होते.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या रेखाटनांचा मोठा ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. युरोपाबाहेरच्या लोकांची जहाजबांधणी हा त्याचा विषय, आणि त्यात शंभरहून जास्त मोठी चित्रपानं. अरबस्तानापासून चीनपर्यंत, पॅसिफिकच्या बेटांपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या नावा त्यात आहेत. जगभरच्या पारंपरिक नावांचा शास्त्रशुद्ध अभ्यास इथून सुरू झाला असं आज मानलं जातं.

त्यानंतर ‘आर्किमेद’ या आगबोटीची कप्तानकी घेऊन पारी चीनला गेले. फ्रान्स आणि चीनमधला व्हाम्पोआचा तह २४ ऑक्टोबर १८४४ रोजी झाला तो याच आगबोटीवर. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनकडून व्यापाराच्या सवलती पदरात पाडून घेण्याचा तो तह होता. वाफेच्या जोरावर युरोप आशियाची बंदरं उघडत होता आणि त्या बंदरांमधल्या जंक, गलबतं, पडाव यांचा धंदा त्यातूनच बसणार होता. पारी त्या घटनेचे नुसते साक्षीदार नव्हते, ज्या जहाजावर ती घडली त्याचे कप्तान होते. त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

मग पुस्तकं आली. बोनफू या सहकाऱ्याबरोबर शिडाच्या आणि वाफेच्या नौकानयनाचा शब्दकोश. बोटीवरच्या इंजिनवाल्यांसाठी मार्गदर्शक. जहाजाच्या पंख्यावर, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूवर, एक जाडजूड ग्रंथ. क्रिमियन युद्धात त्यांनी काम केलं, १८५८ मध्ये रिअर ॲडमिरल झाले, १८६३ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडले गेले, १८६४ मध्ये व्हाइस ॲडमिरल. मुलाच्या मदतीने त्यांनी जहाजाचं डोलणं आणि लाटांचा आकार कागदावर उमटवणारी उपकरणंही तयार केली. पुढे काही वर्षं नौदलाच्या नकाशा खात्याचे ते प्रमुख होते.

इथेच थांबले असते तरी कारकीर्द भरगच्च म्हटली गेली असती.

लूव्रमधली बावीस वर्षं

१८७१ हे पॅरिससाठी भयानक वर्ष होतं. प्रशियाकडून पराभव, शहराला वेढा, मग कम्यूनचा उठाव आणि तो चिरडताना झालेला रक्तपात. मे महिन्यात लूव्रला लागून असलेला त्युइलरी राजवाडा जळाला, लूव्रचं ग्रंथालयही आगीत गेलं. नौदल संग्रहालयाचे प्रमुख, चित्रकार मोरेल-फातिओ, त्याच वर्षी वारले. त्यांच्या जागी आले पासष्ट वर्षांचे, नौदलातून मोकळे झालेले पारी. तरुणपणी ज्या सफरीवर ते होते, त्या सफरीत सापडलेले ला पेरूझचे अवशेष आता त्यांच्याच ताब्यात आले.

या संग्रहालयाची सुरुवात अठराव्या शतकात झाली होती. द्युआमेल द्यु माँसो या शास्त्रज्ञाने जहाजांची आणि गोदीतल्या यंत्रांची मॉडेल्स फ्रान्सच्या राजाला दिली. ती शिकवण्यासाठी होती. जहाजाचं गणित न कळणाऱ्या माणसाला मॉडेल हातात घेतलं की बरंच कळतं. १८२७ मध्ये दहाव्या चार्ल्सने त्यातून संग्रहालय उभं केलं. तिथे मुख्यतः फ्रेंच युद्धनौका होत्या, म्हणजे राजाचं वैभव.

पारींनी त्यात आपल्या नावा आणल्या. लूव्रमध्ये संग्रहालयाची स्वतःची कार्यशाळा होती. तिथल्या कारागिरांकडून त्यांनी आपल्या रेखाटनांवरून मॉडेल्स करून घेतली. चीनचे जंक, अरबी गलबतं, भारताच्या नावा, पॅसिफिकच्या होड्या. कागदावरच्या रेघेत जे राहून जातं ते मॉडेल करताना लपत नाही. चित्रात दोर एखाद्या वाशामागे गेला की प्रश्न मिटतो. मॉडेलमध्ये त्याला दुसरं टोक द्यावंच लागतं. कारागीर विचारणार, हा कुठे बांधू? आणि उत्तर देणारा माणूस त्या गलबताच्या डेकवर उभा राहिलेला असणं, ही त्या कार्यशाळेची चैन होती.

काम किती नाजूक असतं याचा अंदाज एका साध्या हिशोबाने येईल. खऱ्या जहाजावरचा ४ सेंटिमीटर जाडीचा दोर १:४० प्रमाणाच्या मॉडेलवर १ मिलिमीटरचा होतो. पण डेकवरच्या हलक्या दोऱ्या शिवणाच्या धाग्यापेक्षाही बारीक होतात. धाग्याचे सुटे तंतू खऱ्या मापात सुतळीएवढे दिसतात, म्हणून तो मेणावरून ओढून गुळगुळीत करायचा. कायमचे ताण डांबर लावल्यासारखे काळपट, आणि हाताने ओढायचे दोर तागाच्या मूळ रंगाचे. आधी डोलकाठीचे ताण, मग वासे, मग शिडांचे दोर, असा आतून बाहेर येणारा क्रम; तो चुकला तर आधीचं सगळं सोडवून पुन्हा. एका हाताच्या माणसाला यातली एकही गाठ स्वतः मारणं जवळपास अशक्य. म्हणजे या कामात पारींचं डोकं, आठवण आणि रेखाटनं होती, बोटं मात्र कार्यशाळेतल्या कारागिरांची. त्या कारागिरांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

याच काळात त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं, ‘सुव्हनीर द मारीन’. १८८२ पासून निघू लागलेला हा चित्रपानांचा संग्रह होता. त्यात जुन्या आणि नव्या, उरलेल्या आणि नाहीशा झालेल्या जहाजांचे आराखडे होते, आणि त्यांच्याबरोबर ती पुन्हा बांधता यावीत म्हणून लागणारे आकडे. यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार होड्याही होत्या. कारण तोपर्यंत तोंगा आणि मलबारला जे होणार होतं तेच ब्रिटनी आणि नॉर्मंडीतही होऊ लागलं होतं. आगबोट आली की शिडाच्या होडीचा मुलगा सुताराकडे नवी होडी सांगायला जात नाही.

वाफेचं यंत्र पारींइतकं जवळून फार थोड्या फ्रेंच अधिकाऱ्यांना माहीत होतं. शिडाची जहाजं पुन्हा येतील, अशा भ्रमात राहण्याची त्यांना सोयच नव्हती. बहुधा म्हणूनच त्यांनी हळहळ व्यक्त करण्यात वेळ न घालवता मोजमापं घेतली.

८ एप्रिल १८९३ रोजी, ८७ व्या वर्षी पारी वारले. तोपर्यंत संग्रहालयाची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. ‘सुव्हनीर द मारीन’चा शेवटचा भाग त्यांच्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०८ साली निघाला. लूव्रमधलं संग्रहालय पुढे सेन नदीपलीकडच्या आयफेल टॉवरसमोर, शायो राजवाड्यात हलवलं गेलं आणि तिथे १९४३ मध्ये सुरू झालं. काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद राहून २०२३ च्या अखेरीस ते पुन्हा उघडलं. २०१० मध्ये याच संग्रहालयाने फक्त पारींच्या नावांवर एक मोठं प्रदर्शन भरवलं होतं. आणि आजही फत्तेमारीचं किंवा मसुलेचं मॉडेल करायला बसलेला माणूस, दोर कुठून कुठे न्यायचा हा प्रश्न पडला की, पारींचीच पानं उघडतो.